बरणीतला तलाव

ठाण्याला तलावांचे शहर म्हणायची रीत जुनी आहे, आणि त्या तलावांचा इतिहास सांगायचीही एक ठरलेली रीत आहे. शिलाहारांच्या श्रीस्थानकापासून सुरुवात करायची, मासुंद्याच्या काठावर कौपिनेश्वरापाशी जरा थांबायचे, पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा उल्लेख करायचा, मग सिद्धेश्वर, कचराळी, आंबेघोसाळे, उपवन अशी नावे घ्यायची आणि किती तलाव उरले, किती बुजले या हिशेबावर आणून सोडायचे. कल्याणच्या शेणाळे तलावाची गतही तीच. तो काळा तलाव की भगवा तलाव, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. या साऱ्या कथनात तलाव म्हणजे त्याचा काठ: कोणी बांधला, कोणते देऊळ, कोणाचे अतिक्रमण. पाण्याच्या आत जे जगते त्यालाही इतिहास असतो, तो कोणीतरी बघितलेला असतो, लिहून ठेवलेला असतो, हे आपल्या गावीही नसते. या लेखातला दावा असा की मुंबई-ठाण्याच्या गोड्या पाण्याचा शास्त्रीय इतिहास काचेच्या लहान भांड्यांत सुरू झाला आणि त्याच्या मुळाशी निखळ कुतूहल होते. पुढे रोगाच्या भीतीने ते कुतूहल बाजूला सारले. पण त्या भीतीला जी यशे मिळाली, तीसुद्धा कोणीतरी आधी विनाकारण पाण्यात डोळे घालून बसल्यामुळेच मिळाली. डोंबिवलीच्या एखाद्या घरात खिडकीपाशी ठेवलेली तलावाच्या पाण्याची बरणी ही म्हणून मुलांची करमणूक नव्हे. या भागातल्या जीवशास्त्राचे ते सर्वांत जुने उपकरण आहे.

हे उपकरण वापरणारा माणूस म्हणजे हेन्री जॉन कार्टर. १८१३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बडली सॉल्टर्टन नावाच्या गावी जन्मलेला हा शल्यचिकित्सक कंपनी सरकारच्या मुंबई सैन्याच्या वैद्यकीय सेवेत १८४२ साली आला आणि १८६२ साली परत गेला. मधल्या काळात ‘पॅलिन्युरस’ या सर्वेक्षण-जहाजावर अरबस्तानच्या किनाऱ्याची सफर, तिथल्या भूगर्भाचा अभ्यास, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद अशी कामे त्याने केली. पण त्याचे नाव टिकले ते मुंबई बेटावरच्या तलावांमुळे. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने या तलावांतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर लिहिले, १८५६ मध्ये बेटावरच्या सूक्ष्म जलचरांवर सविस्तर टिपणे छापली. तो काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचे ‘मत्स्यगृह’ उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्गलेखकाच्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघरी काचेची टाकी ठेवण्याचे वेड पसरवले. गॉसच्या वाचकांना रंगीत समुद्रफुले आणि मासे हवे होते. कार्टरने आपल्या काचपात्रात ठेवले ते मात्र तलावातले असे काही, की ज्याला प्राणी म्हणावे की वनस्पती यावर युरोपातल्या विद्वानांचे एकमत नव्हते.

मुंबईचा तलाव ठाण्याच्या इतिहासात कशाला आणायचा, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. प्रशासकीय उत्तर असे की १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत साष्टी हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. निसर्गाचे उत्तर अधिक पक्के आहे. तोच काळा पाषाण, तोच जून ते सप्टेंबरचा धुवाधार पाऊस, तेच पुढचे आठ महिने उतरत जाणारे पाणी. या चक्रात जो जीव टिकेल तो बेटावर टिकतो तसा मासुंद्यातही टिकतो आणि शेणाळ्यातही. नेल्सन अ‍ॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर ग्रंथ काढला, तेव्हा कसारा घाट चढून गेल्यावर लागणारे इगतपुरीचे तळेही त्याच्या अभ्यासात होते. आणि त्या ग्रंथाचा पाया कार्टरच्या मुंबईच्या टिपणांवर उभा होता.

स्पंजाची गोष्ट जरा जवळून बघण्याजोगी आहे. पावसाळा सरून पाणी उतरू लागले की बुडालेल्या दगडांवर, काटक्यांवर, गवताच्या देठांवर एक राखाडी किंवा हिरवट पोत धरलेला थर दिसतो. हात लावला तर खरखरीत लागतो, कारण आत सिलिकेच्या, म्हणजे काचेच्याच जातीच्या, हजारो बारीक सुया असतात. उन्हात वाढलेला थर हिरवा, सावलीतला फिकट. हिरवेपणा त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. पाणी आटले की थर वाळून त्याचा भुगा होतो, आणि त्या भुग्यात खसखशीएवढे पिवळट-तपकिरी दाणे उरतात. कार्टर त्यांना बीजासारखे गोळे म्हणे. प्रत्येक दाण्याला कठीण कवच आणि कवचाला एक बारीक छिद्र. पाण्याने भरलेल्या घड्याळाच्या काचेत असा दाणा ठेवला की काही दिवसांत त्या छिद्रातून आतला ऐवज बाहेर ओघळतो, काचेला चिकटतो, पातळ पडद्यासारखा पसरतो. मग त्यात पहिल्या सुया दिसू लागतात आणि एका टोकाला नळीसारखे तोंड उघडते. काच पारदर्शक असल्यामुळे हे सगळे चालू असताना भिंगाखाली बघता येते. कार्टरने तेच केले. स्पंजाच्या पेशी अमीबासारख्या सरपटतात, पाण्यात सोडलेले रंगाचे बारीक कण आत ओढले जातात, आत केसाळ पेशींनी मढलेले कक्ष आहेत आणि त्यांच्यामुळे पाण्याचा प्रवाह चालतो, हे त्याने १८५७ पर्यंत नोंदवून ठेवले. स्पंज हा प्राणीच आहे या निष्कर्षाकडे विज्ञानाला नेणाऱ्या पुराव्यांत मुंबईच्या तलावातल्या दाण्यांचा वाटा असा होता. विशेष हे की मोठ्या तलावात हे दिसणे अशक्य होते. पाणी लहान केले म्हणून दिसले.

आणखी काही नावे सांगितली तर या कामाचा पल्ला ध्यानात येईल. भारतात सर्वत्र आढळणारा एक गोड्या पाण्याचा स्पंज आज ‘युनॅपिअस कार्टेरी’ म्हणून ओळखला जातो. कार्टरने मुंबईत पाहिलेल्या, शेवाळासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याला ‘लोफोपोडेला कार्टेरी’ नाव पडले, आणि तो पुढे अमेरिकेच्या सरोवरांतही जाऊन पोचला. नागपूरला धर्मप्रसाराबरोबर दगड, जीवाश्म आणि जलचर गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप यांच्याकडून आलेल्या नमुन्यावरून कार्टरने १८५८ मध्ये ‘हिस्लोपिया’ ही प्रजातीच नवी उभी केली. पण सर्वांत मोठी मजल मारली ती व्हॉल्व्हॉक्सने. हा हिरवा फिरता गोळा मिलिमीटरभरही नसतो. सुमारे दोन हजार लहान पेशी त्याला हलवतात आणि आत सोळाएक मोठ्या पेशी फक्त पुढची पिढी घडवतात. कार्टरने मुंबईच्या व्हॉल्व्हॉक्समधले फलन १८५९ मध्ये वर्णन केले, जर्मन शास्त्रज्ञ श्टाइन यांनी १८७८ मध्ये त्या जातीला ‘व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी’ म्हटले. एकपेशी जीवापासून अनेकपेशी शरीर कसे घडले असावे, या प्रश्नासाठी आज जगभरच्या प्रयोगशाळा हीच जात वापरतात. २०१० मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, तेव्हा तिची जनुके एकपेशी नातेवाइकापेक्षा फारशी जास्त नाहीत असे आढळले. ज्या माणसाने तिच्याकडे प्रथम नीट पाहिले त्याला हे कशाला उपयोगी पडेल याची काडीचीही कल्पना नव्हती. आणखी एक नोंद इथेच करतो, कारण ती डोंबिवलीकरांच्या कामाची आहे. मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी लाल झालेले पाहून कार्टरने ते भिंगाखाली घातले आणि १८५८ मध्ये लिहिले की रंग एका सूक्ष्म सजीवाचा आहे. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला तेव्हा कारण रासायनिक होते. पाण्याचा रंग बदलतो तेव्हा तो कारखान्याचा की जीवांचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तलावातले युग्लीना नावाचे सूक्ष्म जीवसुद्धा पाण्यावर रक्तासारखी साय आणू शकतात.

आता हरकती. पहिली हरकत अशी की कार्टर हा गोरा साहेब. त्याचे सूक्ष्मदर्शक, त्याची फुरसत, त्याची लंडनची नियतकालिके हे सारे कंपनीच्या राज्याच्या जोरावर मिळालेले. याला आपला इतिहास कसे म्हणायचे? हरकतीत तथ्य आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढून मराठीत शास्त्रविषय आणले होते, ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि भाऊ दाजी लाड १८५१ मध्ये तिथल्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. म्हणजे वाचणारी, शिकणारी मराठी मंडळी त्याच शहरात, त्याच वर्षांत होती. तलावातले प्राणी मात्र इंग्रजी नियतकालिकांतच राहिले. पण यावरून काय सिद्ध होते? पाणी इथले, महिने इथले, जीव इथले. सुकलेला दाणा उन्हाळाभर पडून पावसाच्या पाण्यात पुन्हा जिवंत होतो, ही गोष्ट लंडनच्या हवेत बसून कोणाला सुचली नसती. ज्ञान कोणी छापले याचा हिशेब जरूर मांडावा. पण छापणारा परका म्हणून आपल्याच तलावाची टिपणे परकी ठरवणे म्हणजे ठाण्याची आगगाडी इंग्रजांची म्हणून पायी जाण्यासारखे आहे.

दुसरी हरकत परंपरेच्या बाजूने येते. पाण्यात जीव असतात हे आपल्याकडे कोणी कार्टरने सांगायला हवे होते काय? पाणी फडक्याने गाळून प्यायचा शिरस्ता जैनांत काटेकोर आहे, इतर घरांतही हंड्याच्या तोंडाला फडके बांधलेले असेच. हा मुद्दा वाटतो त्याहून बळकट आहे. २००३ मध्ये बांगलादेशातल्या ६५ गावांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे त्यात दिसले. पटकीचे जिवाणू इतके लहान की साडीतून सहज निसटतील. पण ते सायक्लॉप्ससारख्या कवचधारी जलचरांच्या अंगाला चिकटून राहतात, आणि हे जलचर साडीत अडकतात. म्हणजे आजीच्या फडक्यात शहाणपण होते. पण गाळण्याचा आचार आणि बघण्याची विद्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फडक्यावर काय उरले, त्याला किती पाय होते, श्रावणात ते जास्त होते की माघात, हे कोणी लिहून ठेवले नाही. फडके झटकून टाकले जाई, फार तर धर्म म्हणून ते जीव परत पाण्यात सोडले जात. त्यामुळे फडके का काम करते हे कळायला चार घड्यांची साडी आणि सूक्ष्मदर्शक एकत्र यावे लागले.

या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग नारूचा आहे, आणि तिथे कार्टर चुकला होता. नारूची मादी माणसाच्या कातडीखाली वीतभर नव्हे, हात-दोन हात लांब वाढते. पायाला फोड येतो, फोड फुटून तोंड दिसते आणि काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत ती बाहेर काढावी लागते. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत हा रोग घराघरात माहीत होता, पण तो शरीरात शिरतो कुठून हे माहीत नव्हते. १८५० च्या दशकात कार्टरने मुंबईतल्या एका शाळेची हकीकत नोंदवली: पन्नास मुले एका ठरावीक तळ्यात अंघोळ करीत, वर्षभरात त्यांतल्या २१ जणांना नारू झाला, दुसरीकडे अंघोळ करणाऱ्या इतर शाळांतली मुले जवळजवळ सुटली. तळ्याचा गाळ त्याने तपासला तर त्यात बारीक सूत्रकृमी वळवळत होते. त्याने सरळ जोड लावली: हेच कृमी अंघोळीच्या वेळी कातडीतून आत शिरतात आणि नारू होतात. जोड चूक होती. ते कृमी तळ्यात स्वतंत्र राहणारे, नारूशी संबंध नसलेले. १८७० च्या सुमारास रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेदचेंको यांनी मध्य आशियातल्या तुर्किस्तानात दाखवले की नारूची पिल्ले सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात, आणि १९०७ मध्ये ब्रिटिश संशोधक लायपर यांनी सिद्ध केले की सायक्लॉप्स पोटात गेल्यावर जठरातल्या आम्लाने तो मरतो, आतली पिल्ले मात्र तरतरीत होऊन बाहेर पडतात. म्हणजे नारू कातडीतून नव्हे, घोटातून येतो.

हौशी निरीक्षणाच्या विरोधकांना इथे आयते शस्त्र मिळते: बरणीत बघणारा माणूस नजरेला पडेल त्यालाच गुन्हेगार ठरवतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. पण कार्टरच्या नोंदीची फोड करून बघावी. पन्नासांतले एकवीस हा आकडा खरा होता. तळे बदलले की रोग बदलतो हे अनुमानही खरे होते. अंघोळ करणारी पोरे पाणी गिळतात, एवढेच त्याच्या ध्यानात आले नाही. चुकीचा ठरला तो फक्त प्राणी, आणि तो चुकीचा ठरवता आला कारण कार्टरने त्याचे वर्णन इतके नेमके केले होते की हा नारूचा वंश नव्हे, असे दुसऱ्याला म्हणता यावे. ‘दूषित पाण्यामुळे’ असे मोघम लिहून तो मोकळा झाला असता तर चूकही झाली नसती आणि पुढचे पाऊलही पडले नसते. गंमत म्हणजे खरा दोषी त्या तळ्यात उघड्यावर पोहत असणार. सायक्लॉप्स मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा असतो. बरणी उजेडात धरली तर झटके देत चालणारा पांढरा ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि साध्या भिंगातून मादीच्या शेपटीच्या दोन बाजूंना लोंबणाऱ्या अंड्यांच्या दोन पिशव्या. पुढे १९८३-८४ मध्ये देशव्यापी नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप आले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमिफॉस घातले गेले, घरोघरी गाळायचे कापड गेले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. लस नाही, औषध नाही. एका ठिपक्याचे जीवनचरित्र ठाऊक होते, त्यावर हे झाले.

हिवतापाचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. विहारचे पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईला येऊ लागले आणि शहरातल्या तलावांचे महत्त्व ओसरले. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवरचा अहवाल निघाला. विहिरी, टाक्या, हौद यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफेलिस डासावर बोट ठेवले गेले. पाठोपाठ विहिरींवर झाकणे आली, कित्येक विहिरी बुजल्या. धर्मकृत्यासाठी विहिरीचे पाणी लागणाऱ्या पारशांनी आणि हिंदूंनी हरकती घेतल्या, त्यातून जाळीच्या झडपांसारख्या तडजोडी निघाल्या. तलावही एकेक करून गेले. धोबी तलाव, खारा तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही आता बसथांब्यांची नावे आहेत. कार्टरच्या स्पंजांचे मूळ घर बहुतेक डांबराखाली आहे. हे चूक झाले असे म्हणण्याचा उद्धटपणा करू नये. हिवतापाने तापलेल्या पोराच्या आईला व्हॉल्व्हॉक्सचे सौंदर्य सांगता येत नाही. प्रश्न एवढाच आहे की भीतीच्या नजरेने पाण्याकडे पाहिले की एक डास दिसतो आणि बाकीचे सगळे दिसेनासे होते. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही आरोग्य खात्याची घोषणा जिल्ह्याजिल्ह्यात भिंतीवर वाचायला मिळते. गप्पी खरोखर डासांच्या अळ्या खातात. त्याबरोबर डाफ्निया नावाच्या पाणपिसवा आणि सायक्लॉप्सही खातात. त्यांना अळी आणि डाफ्निया यांत भेद करायचे कारण नाही. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडले, शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या, आणि काचेच्या टाकीत बघायचे ते मासेच, अशी आपली समजूत पक्की झाली.

बाल्कनीत पाण्याची बरणी ठेवायची म्हटली की आजही पहिला विचार डेंगीचा येतो, आणि पालिकेचे कर्मचारी घरोघरी कुंड्यांच्या ताटल्या नि पिंपे तपासत फिरतात ते योग्यच आहे. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. पण बरणीच्या तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधले की प्रश्न मिटतो. डास अंडी घालू शकत नाही आणि हवा जात राहते. यापुढची हकीकत ऐकण्याजोगी आहे. व्हिएतनामच्या खेड्यांत पाण्याच्या रांजणांमध्ये मेसोसायक्लॉप्स हे सायक्लॉप्सच्या कुळातले जलचर मुद्दाम सोडण्यात आले, कारण ते एडिसच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या फस्त करतात. लोकांनी टाकाऊ भांडी उचलण्याचीही जोड दिली आणि कित्येक गावांतून एडिस नाहीसा झाला. ज्या कुळाला नारूसाठी विष घातले तेच कूळ डेंगीसाठी नेमणुकीवर आले. एकाच जीवाच्या या दोन भूमिका भीतीच्या यादीत मावत नाहीत. त्याची पूर्ण ओळख असेल तरच त्याला कधी मारायचे आणि कधी कामाला लावायचे हे ठरवता येते.

राहिली शेवटची आणि शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत वजनदार हरकत: बरणी म्हणजे तलाव नव्हे. खरे आहे. मासुंद्याचे, म्हणजे तलावपाळीचे, पाणी बरणीत आणले की दोन दिवसांत जिवाणू वाढून वर साय धरते, मग त्यांना खाणारे शेपटीवाले बारीक जीव, मग चपलेच्या तळव्यासारखे पॅरामेशियम, मग तोंडाशी केसांची चक्रे फिरवणारे रोटिफर. काही आठवड्यांत यांतले दोनचारच उरतात. हा क्रम बरणीचा आहे, तलावाचा नाही. वारा नाही, नाल्याचे पाणी येत नाही, मासे नाहीत, बुडाशी पाच फूट गाळ नाही. म्हणून बरणीवरून तलावात काय किती आहे हे सांगू नये. काय आहे आणि ते कसे जगते, हे मात्र बरणीशिवाय दुसरीकडे कुठे दिसणार? पाण्याच्या तपासणीत विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायूची गरज, आम्लता असे आकडे येतात. ते त्या दिवसाचे असतात. दगडाला चिकटलेला स्पंज हा मागच्या कित्येक महिन्यांचा साक्षीदार असतो. दोन्ही पुरावे एकमेकांना पूरक आहेत, आणि दुसरा गोळा करायला प्रयोगशाळा लागत नाही. लागलीच तर ठाण्यात बांदोडकर विज्ञान महाविद्यालय १९६९ पासून चेंदणीला खाडीच्या काठीच उभे आहे आणि खाडीच्या जीवसृष्टीवर तिथे पुष्कळ काम झाले आहे. शिवाय मनू प्रकाश यांच्या अमेरिकेतल्या गटाने २०१४ मध्ये जगापुढे आणलेले घडीचे कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, सुमारे १४० पट मोठे दाखवते. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यासाठी खास कार्यक्रम चालवला. कार्टरला जे साधन पगारातून विलायतेहून मागवावे लागले असते, ते आज शाळकरी मुलीच्या दप्तरात मावते.

खाडीचा दाखला या सगळ्याला लागून आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत गेली, आणि आता हिवाळा-उन्हाळ्यात होड्या भरून माणसे गुलाबी थवे बघायला जातात. लहान फ्लेमिंगो चोचीतल्या चाळणीने जे गाळून खातो ते नीलहरित शेवाळ आणि डायटम मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असते, आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंग त्याच अन्नातून येतो. माणसे जिच्यासाठी तिकीट काढतात ती गोष्ट सूक्ष्म जीवसृष्टीच आहे, फक्त पक्ष्याच्या अंगावर चढलेली. शहरातल्या तलावांना असा पक्षी मिळाला नाही. त्यांचे सुशोभीकरण होते: काठ दगडी, कारंजी, दिवे, नौकाविहार. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्यात ठाण्याने पुढाकार घेतला, ही मोठी जमेची बाजू. पण काठ उभा बांधला की पाण्यात अर्धे बुडालेले गवत आणि उथळ चिखल जातो, आणि रोटिफर, हायड्रा यांसारख्या जीवांची दाटी बहुधा मध्यापेक्षा तिथेच जास्त असते. काठाचे दोन-चार कोपरे तसेच गवताळ सोडायला फारसा खर्च येत नाही. कंत्राटात तशी ओळ लागते इतकेच.

ज्याला हे करून बघायचे असेल त्याने एप्रिल-मेपर्यंत थांबावे. पाणी उतरून काठचे दगड उघडे पडले की त्यांच्या खालच्या बाजूचा वाळलेला थर चाकूने खरवडून कागदात बांधावा, वर तलावाचे नाव, तारीख आणि पाणी किती खाली होते ते लिहावे. नळाचे पाणी घ्यायचे तर एक-दोन दिवस उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्यावे, नाहीतर पहिल्या पावसाचे पाणी धरावे. त्यात तो भुगा टाकावा, मासा टाकू नये, तोंडाला फडके बांधावे आणि बरणी थेट उन्हापासून दूर पण उजेडात ठेवावी. वाळलेल्या थरातून कवचधारी जलचर बहुधा आधी बाहेर येतात. स्पंजाचे दाणे त्यात असले तर ते जरा वेळ घेतात, आणि उघडले की काचेलाच चिकटतात, म्हणून बरणी धुताना आतली बाजू घासू नये.